घर मोठं होतंय, पण उंबऱ्याबाहेरचं काय?

पत्राचा सारांश:

मध्यम आकाराच्या एका किनारी शहरातून हे पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. लिहिणाऱ्या ताई शिक्षिका आहेत, वय पन्नाशीच्या आसपास. जुन्या बंदराला लागून असलेल्या चार मजली इमारतीत त्या, त्यांचे पती, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि ७८ वर्षांचे सासरे असे चौघं राहतात. बंदरातली मालवाहतूक काही वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या नव्या धक्क्यावर गेली. रिकाम्या गोदामांच्या जागी आता समुद्रालगत फिरायचा रस्ता, दुकानं, हॉटेलं आणि उंच इमारती उभ्या राहतायत. त्यांच्या इमारतीच्या पुनर्विकासाचाही प्रस्ताव आलाय: आत्ताच्यापेक्षा मोठं घर, लिफ्ट, तळघरात पार्किंग, आणि बांधकाम होईपर्यंत तीन वर्षं भाड्याच्या घरात मुक्काम. बहुतेक सभासद तयार आहेत, पती तर कधीचे तयार आहेत. सासरे म्हणतात, "माझं झाल्यावर काय पाडायचं ते पाडा." मुलगी म्हणते, "मी तशीही इथे राहणार नाही." ताई लिहितात: "भिंतींची ओल मीच पुसते, त्यामुळे जुन्या घराचं मला फार कौतुक नाही. तरी सही करायला हात धजत नाही. मी विकासाच्या आड येतेय का? की डोळ्यांदेखत शहर बदलताना बघून गप्प बसतेय? शेवटी जगण्याचा दर्जा म्हणजे काय, मोठं घर की ओळखीची माणसं?" पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा आहे.

ताई,

मोठं घर की ओळखीची माणसं, अशी निवड तुमच्यापुढे कुणी ठेवलेली नाही. ती तुम्हीच मांडून घेतली आहे. का, तेही कळतं: घरात एका बाजूला पती आणि दुसऱ्या बाजूला सासरे बसले की मधल्या माणसाला सगळं जगच दोन बाजूंचं दिसायला लागतं.

तुमच्या पुढ्यातल्या त्या एका कागदावर खरं तर तीन वेगळे निर्णय आहेत. ही इमारत पाडण्याइतकी खराब झाली आहे का? हा इंजिनिअरचा प्रश्न. तिच्या जागी आणि तिच्याभोवती काय उभं राहणार? हा घासाघिशीचा, थोडा राजकारणाचाही प्रश्न. आणि बाबा (पत्रात तुम्ही सासऱ्यांना बाबा म्हटलंय, मीही तेच म्हणते) ती तीन वर्षं कुठे आणि कशी काढणार? हा तुमच्या घरातला प्रश्न. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. तिन्ही एकत्र करून नुसतं "हो की नाही" विचारलं की प्रस्ताव आणणाऱ्याचं काम सोपं होतं आणि तुमचं अवघड.

त्याआधी एक गोष्ट, जी पत्रात कुठेच नाही. घर कुणाच्या नावावर आहे? तुम्ही लिहिता, "सही करायला हात धजत नाही." पण घर बाबांच्या नावावर असेल तर सही तुमची नव्हेच, त्यांची आहे. मग तुमचा प्रश्न "मी काय ठरवू" असा राहत नाही. त्यांच्या घराबद्दल त्यांच्याशी बोलायचं कसं, असा होतो. तुमच्या पतींनाही हे एकदा आठवण करून द्यायला हवं, कारण "आम्ही तयार आहोत" हे वाक्य घराघरांत मालकाला न विचारता सर्रास बोललं जातं.

आता इमारत. समुद्राजवळच्या इमारतींचं दुखणं बहुतेक वेळा मिठाचं असतं. खाऱ्या हवेतलं क्लोराइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून मुरत मुरत सळयांपर्यंत पोचतं. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे त्याच्या आतल्या लोखंडावर एक संरक्षक थर टिकून राहतो. क्लोराइड नेमका तोच थर फोडतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. मग आतून दाब येतो, सळईच्या रेषेत काँक्रीटला चीर पडते आणि एक दिवस छताचा पोपडा खाली येतो. म्हणून भिंतीवरची ओल आणि छतातली ती सरळ रेषेतली चीर या दोन गोष्टींना एकाच मापाने मोजू नका. ओल कदाचित गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची किंवा फुटक्या पाइपची असेल, आणि ती दुरुस्त होते. चीर मात्र सांगाड्याबद्दल काहीतरी सांगत असते. तिच्यावर वरून प्लास्टर मारणं म्हणजे तिचं बोलणं बंद करणं. गंज आत चालूच राहतो.

तेव्हा सोसायटीने स्वतःच्या पैशाने, बिल्डरशी काही देणंघेणं नसलेल्या इंजिनिअरकडून स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं. चार फोटो आणि "इमारत जीर्ण झाली आहे" हे एक वाक्य असला अहवाल नको. काँक्रीटची ताकद तपासण्यासाठी काही ठिकाणी कोअर (यंत्राने भोक पाडून काढलेले काँक्रीटचे नमुने) काढलेत का, क्लोराइड किती खोल गेलंय, सळयांवरचं काँक्रीटचं कव्हर किती उरलंय, कुठले खांब खरंच अडचणीत आहेत, हे त्यात आकड्यांत आलं पाहिजे. आणि दोन गोष्टी शेजारी शेजारी मागा: नीट दुरुस्ती करायची तर खर्च किती, आणि त्यानंतर इमारत साधारण किती वर्षं तग धरेल. हे उत्तर हातात नसताना पुनर्विकासावर मतदान घेणं मला तरी बेजबाबदार वाटतं, मग बहुमत कितीही मोठं असो. अहवाल म्हणाला की सांगाडा धोक्यात आहे, तर बाबांचं "माझं झाल्यावर" बाद. त्या स्लॅबखाली ते एकटे झोपत नाहीत.

आता थोडं खोचक विचारते. "ओळखीची माणसं" म्हणून जे तुम्ही सांभाळू बघताय, ते आज खरंच किती उरलंय? लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचा शेजार हळूहळू खिडकीपुरता होतो. गुडघे बोलायला लागले की आठवड्यातून एकदा खाली, मग महिन्यातून एकदा, मग दवाखान्यापुरतं. आणि बंदर चालू होतं तेव्हाची धूळ, रात्री-अपरात्रीचे ट्रक, तेलाचा तवंग, हे आठवणींतून कसं कोण जाणे गळून जातं. जुनं ते सगळं सोनं होतं असं धरून चाललात तर ओल पुसणारा हात तुमचाच राहील आणि गहिवर दुसऱ्यांचा.

बदल वाईटच असतो असंही नाही. स्पेनमधलं बिल्बाओ घ्या. कारखाने आणि गोद्या बंद पडलेलं, नदीचं गटार झालेलं शहर. १९८३ च्या पुराने त्याला आणखी खाली नेलं. १९९७ मध्ये तिथे गुगेनहाइम संग्रहालय उघडलं आणि जगभरच्या पालिकांनी धडा घेतला: एक झगमगती इमारत उभारा, शहर पालटतं. पण बिल्बाओने संग्रहालयाच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकातच, सांडपाणी गोळा करून शुद्ध करायचं मोठं काम हाती घेतलं होतं. १९९५ मध्ये मेट्रो सुरू झाली. बंदर नदीच्या मुखाकडे हलवून मोकळ्या झालेल्या जमिनीसाठी १९९२ मध्ये सरकारी संस्थांची एक संयुक्त कंपनी काढली गेली, आणि त्या जमिनीतून आलेला पैसा पुन्हा शहरातच घातला गेला. नक्कल मात्र संग्रहालयाची झाली, गटाराची कुणी केली नाही. म्हणून तुमच्या बंदराच्या प्रकल्पाबद्दल पालिकेच्या माणसाला प्रश्न विचारायचा झाला तर कारंज्याबद्दल विचारू नका. सांडपाणी कुठे जाणार, बस कुठून येणार, आणि जमीन विकून आलेला पैसा कुठल्या खात्यात जाणार, हे विचारा.

तुमच्या पतींचं गृहीतकही तपासू. मोठं घर म्हणजे चांगलं जगणं, हे काही अंशी खरं आहे. चार माणसांना दोन खोल्यांत राहायला लावून शेजारधर्माचे गोडवे गाणाऱ्यांत मी नाही. पण घराचा आकार हा जगण्याच्या दर्जाचा एक भाग झाला. दुसरा भाग उंबऱ्याबाहेर सुरू होतो आणि त्याबद्दल माहितीपत्रकात काही नसतं. त्यातल्या चित्रांत नेहमी सकाळ असते, वारा कधीच नसतो, आणि रस्त्यावर एकच गाडी असते, तीही थांबलेली.

गाड्यांबद्दल एक जुना पण फार बोलका अभ्यास आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डोनाल्ड ॲपलयार्ड या अभ्यासकाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन निवासी रस्त्यांची तुलना केली. रस्ते दिसायला बऱ्यापैकी सारखे, फरक रहदारीचा. जिथून दिवसाला सुमारे २,००० गाड्या जात, तिथल्या माणसांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. जिथून १६,००० गाड्या जात, तिथे एकही पुरता नाही, ०.९. नकाशावर "माझी जागा" कुठपर्यंत ते दाखवा म्हटल्यावर कमी रहदारीच्या रस्त्यावरच्या लोकांनी जवळजवळ सगळा रस्ता आपला म्हणून दाखवला. वर्दळीच्या रस्त्यावरच्यांनी जेमतेम आपली इमारत. म्हणजे तुमची ओळखीची माणसं टिकतील की नाही हे बऱ्याच अंशी तुमच्या दारावरून किती गाड्या जाणार यावर ठरणार आहे. आणि त्याचा अंदाज आजच बांधता येतो. आसपासच्या सगळ्या मंजूर इमारतींतल्या पार्किंगच्या जागांची बेरीज करा. त्या गाड्या रोज सकाळी कुठून बाहेर पडणार? तुमच्याच गल्लीतून ना?

समुद्राकाठचा मोठा रस्ता हा तर वेगळाच विषय. त्याच सॅन फ्रान्सिस्कोत शहर आणि पाणी यांच्यामध्ये एक दुमजली उन्नत रस्ता होता. १९८६ मध्ये तो पाडायचा का असं मतदारांना विचारलं तेव्हा त्यांनी नको म्हणून सांगितलं. रस्ता गेला तर शहराची कोंडी होईल ही भीती. १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपाने तो खिळखिळा केला आणि १९९१ मध्ये पाडायला घेतला. शहर ठप्प झालं नाही. आज तिथे जमिनीवरचा रुंद रस्ता, ट्राम आणि पाण्याच्या कडेने चालणारी माणसं आहेत. तुमच्याकडच्या आराखड्यात वस्ती आणि पाणी यांच्यामध्ये चार-सहा पदरी रस्ता आखलेला असेल, तर समुद्रदर्शनी घराचा अर्थ प्रत्यक्षात रस्तादर्शनी घर होतो. बाबांना पलीकडे जायला किती वेळचा सिग्नल मिळणार, हे त्या आराखड्यावरून विचारता येतं.

वारा आणि सावली यांचंही असंच. स्वीडनमधल्या माल्मो शहराची जहाजबांधणी बुडाली, तिची अजस्र क्रेन २००२ मध्ये दक्षिण कोरियातल्या उल्सानला गेली. त्या जागेवर २००१ च्या गृहनिर्माण प्रदर्शनापासून नवी वस्ती उभी राहू लागली. तिथे समुद्राकडच्या रांगेत उंच इमारती ठेवल्या त्या वारा अडवायला, आणि आत बुटकी घरं, अरुंद, वाकड्या गल्ल्या, छोटे चौक केले, म्हणजे आतल्या बाजूला माणसाला बाहेर बसता येईल. पाण्याच्या कडेला लाकडी पायऱ्या केल्या, ज्यांवर कुणीही येऊन बसतं. ती वस्ती स्वस्त नाही, तिच्यावर टीकाही झाली. पण वाऱ्याचा विचार घरं विकण्याआधी केला गेला, नंतर नाही. उष्ण हवेच्या शहरात हाच हिशेब उलटा लागतो: समुद्रालगत भिंतीसारखी उभी केलेली रांग मागच्या साऱ्या वस्तीची हवा अडवते. तुमची इमारत पुढच्या रांगेत आहे की मागच्या, हे मला पत्रावरून कळलं नाही. मागच्या असेल, तर पुढच्या भूखंडावर किती उंचीची परवानगी आहे ते आधी बघा.

पाण्याबद्दल थोडंसं, कारण हे फार कमी लोक विचारतात. १९०१ ते २०१८ या काळात जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि वाढीचा वेग वाढतोच आहे. तुमच्या नव्या इमारतीत पार्किंग तळघरात आहे. मीटरची खोली, पंप, लिफ्टची यंत्रणा कुठे आहे? तीही तळघरात असेल तर एका वादळी भरतीत दहा मजल्यांचं पाणी आणि वीज एकदम बंद. १९६२ च्या वादळी भरतीत तीनशेहून जास्त माणसं गमावलेल्या हॅम्बर्गने बंदराच्या जमिनीवर नवी वस्ती बांधताना इमारती समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंच भरावावर नेल्या आणि पाण्यालगतचे फिरायचे रस्ते खाली ठेवले, ते बुडणार हे गृहीत धरून. तेवढं तुमच्या सोसायटीला जमणार नाही, पण विजेची खोली वरच्या मजल्यावर घ्या एवढं सांगणं काही अशक्य नाही.

नव्या शेजाऱ्यांचं काय? नव्या इमारतीत तुमच्याशिवाय जी जादा घरं विकली जातील, ती राहायला घेतली जातील की पर्यटकांना दिवसावर भाड्याने द्यायला? समुद्र दिसणाऱ्या घरांचं बऱ्याचदा दुसरंच होतं. बार्सिलोनाला १९९२ च्या ऑलिंपिकने समुद्रकिनारा परत मिळवून दिला. २०१४ च्या उन्हाळ्यात त्याच किनाऱ्यालगतच्या बार्सेलोनेता वस्तीतले रहिवासी पर्यटकांच्या फ्लॅटविरुद्ध रस्त्यावर उतरले. आणि २०२४ मध्ये पालिकेने जाहीर केलं की अशा सुमारे दहा हजार फ्लॅटचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचे. एवढं मोठं शहर इतक्या उशिरा जागं झालं. तुमच्या सोसायटीला मात्र हे आत्ताच करता येतं: अल्पकालीन भाड्याबद्दलचा नियम पुनर्विकासाच्या करारात आणि नव्या उपविधींत आधीच घालून घ्या. नवे सभासद आल्यावर तो कधीच मंजूर होणार नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, एवढ्या शहरांच्या गोष्टींचं मी करू काय? एक करा. बाबांना घेऊन बसा आणि एक नकाशा काढा.

स्पेनमध्येच गॅलिसियात पोन्तेवेद्रा नावाचं खाडीकाठचं शहर आहे, लाखाच्या आतल्या वस्तीचं. १९९९ पासून त्यांनी मध्यवस्तीतल्या गाड्या हटवत नेल्या. त्यांनी 'मेट्रोमिनुतो' नावाचा एक नकाशा काढला. दिसायला तो मेट्रोच्या नकाशासारखा, पण शहरात मेट्रो नाही. ठिकाणांमधल्या रेषांवर चालायला लागणारी मिनिटं लिहिलेली. तसाच तुमच्या दारापासूनचा काढा. मिनिटं मात्र बाबांच्या चालीने मोजा, मुलीच्या नाही. औषधाचं दुकान, बसथांबा, दवाखाना, तुमची शाळा, सावलीचं झाड, स्वच्छतागृह, आणि ज्या ज्या ठिकाणी काही विकत न घेता तासभर बसता येतं ती सगळी ठिकाणं. मग दुसऱ्या रंगाने प्रकल्पानंतरचं चित्र काढा. काय राहील, काय जाईल, काय नवं येईल, कुठे मध्ये रस्ता येईल. मला वाटतं पत्रातल्या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर या कागदावर बरंचसं दिसेल. कदाचित असंही दिसेल की नवा फिरायचा रस्ता बाबांच्या रोजच्या फेरीला सोयीचा आहे, आणि ज्या बाकावर ते बसतात तो आज तुटकाच आहे.

काही विकत न घेता बसण्यावर मी मुद्दाम जोर देते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या बंदरावर १९८० मध्ये दुकानं-खानपानाचं एक संकुल उघडलं. त्याची इतकी वाहवा झाली की किती तरी बंदरांनी तोच साचा उचलला. पुढे त्याची कळा गेली, दुकानं रिकामी झाली आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ते सांभाळायला रिसीव्हर, म्हणजे मालकाऐवजी कारभार पाहणारा माणूस, नेमला. पाहुण्यांसाठी बांधलेली जागा पाहुणे येतात तोवर चालते. तुमच्या बंदरावर आठवड्याच्या मधल्या, सुट्टी नसलेल्या दिवशी शाळेतून दमून आलेल्या तुम्हाला जाऊन बसावंसं वाटेल का? आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवण्याची मुदत अजून असेल तर हेच लिहून द्या: पाण्यापर्यंतची वाट सगळीकडे सार्वजनिक राहावी, बाक आणि सावली असावी, मासेमारीच्या होड्यांची जागा शोभेपुरती न उरता वापरापुरती उरावी. अशा सूचना फारशी माणसं लिहीत नाहीत, म्हणून तर त्या लिहाव्यात.

आता बाबा. त्यांचं वाक्य पुन्हा वाचा: "माझं झाल्यावर." मला त्यात हट्टापेक्षा हिशेब जास्त दिसतो. ७८ व्या वर्षी "तीन वर्षांनी परत येऊ" असं कुणी सांगितलं की तो माणूस आकडेमोड करणारच. शिवाय बांधकामं लांबतात, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. तुम्ही त्यांना नव्या घराचं सांगता. त्यांना प्रश्न पडलाय तो मधल्या घराचा. कुणी सांगावं, त्यांच्या लेखी तेच शेवटचं घर असेल.

म्हणून उलट्या टोकाने सुरुवात करा. सही आधी आणि भाड्याचं घर नंतर, असं न करता भाड्याचं घर आधी शोधा, आणि ते त्या नकाशाच्या आत शोधा. लहान चालेल, एक खोली कमी चालेल. तळमजला किंवा लिफ्ट मात्र हवी. बाबांना बरोबर घेऊन बघायला जा आणि नको म्हणण्याचा अधिकार खरंच त्यांच्याकडे ठेवा. बिल्डर देतो त्या भाड्यात ते बसत नसेल, तर वरचा फरक किती हा आकडा पतींपुढे ठेवा; मोठ्या घराची ती खरी किंमत आहे आणि ती आधीच कळलेली बरी. तसं घर मिळालं तर बाबांचा नकार कदाचित विरघळेल. नाही विरघळला, आणि ऑडिटमध्ये इमारत दुरुस्त होण्यासारखी निघाली, तर त्यांचा नकार हे पुनर्विकास थोडा पुढे ढकलण्याचं पुरेसं कारण आहे असं माझं मत. पतींना ते पटणार नाही, हे मी धरून चालते.

मुलीच्या वाक्याला मी फार वजन देणार नाही. ती जाईल किंवा परत येईल. तिच्या नावाने जादा खोलीही मागू नका आणि तिच्या नावाने जुनं घरही राखू नका. घर आत्ताच विकून दुसरीकडे जाण्याचा पर्यायही आहे, पण पत्रात तुम्ही त्याचा उल्लेखही केला नाहीत, तेव्हा तो तुम्हाला नको आहे असं समजते.

सही करायची वेळ आली तर करारात काय हवं? परतीची तारीख, आणि ती चुकली तर दरमहा वाढती भरपाई. सगळ्या काळाचं भाडं आगाऊ किंवा बँक हमीने सुरक्षित. घराचं क्षेत्रफळ कार्पेट एरियात (घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा), नकाशा जोडून. "अंदाजे इतकं मोठं" नको. जोत्याची उंची आणि विजेच्या खोलीची जागा. बिल्डरने काम मध्येच सोडलं तर जमीन आणि हक्क कुणाकडे, हे स्पष्ट. नव्या इमारतीचा महिन्याचा मेंटेनन्स किती येईल याचा लेखी अंदाज, कारण लिफ्ट, पंप, जनरेटर, पहारेकरी हे सगळं तुम्हीच पोसणार आहात, आणि निवृत्तीनंतरही. आणि तुमच्या घरासाठी सगळ्यांत महत्त्वाचं कलम: मधल्या काळात मूळ मालकाचं काही बरंवाईट झालं तर वारसांना तेच घर, त्याच अटींवर, नव्याने बोलणी न करता. हे वाक्य बाबांसमोर उच्चारायला जड जाईल. पण विषय त्यांनीच काढलाय. तुम्ही टाळलात तर त्यांना ते जास्त लागेल. किती सभासदांची संमती लागते आणि नकार देणाऱ्याचं काय होतं हे जागोजागी वेगळं असतं. त्यासाठी स्वतःचा वकील गाठा, सोसायटीचा नको आणि बिल्डरने सुचवलेला तर अजिबात नको.

तुम्ही विकासाच्या आड येताय का? प्रश्न विचारणाऱ्याला आडवं येणारा म्हणायची पद्धत आहे, म्हणून तुम्हाला तसं वाटतंय. तुमच्या इमारतीत असेच हात अडखळणारे आणखी काही जण असतील, फक्त बोलत नसतील. वरच्या मजल्यावरच्यांना लिफ्ट हवी असेल पण भाड्याच्या घराची धास्ती असेल; कुणाला मेंटेनन्सची काळजी असेल. अशी तीन-चार घरं गाठा, ऑडिटचा मुद्दा सगळ्यांच्या वतीने मांडा. एकट्या शिक्षिकेच्या शंका सभेत पाच मिनिटांत निकाली निघतात, चार घरांच्या निघत नाहीत.

सभेच्या निदान आठवडाभर आधी हे प्रश्न सचिवांकडे लेखी द्या, पोच घ्या आणि उत्तरं इतिवृत्तात नोंदवायला सांगा. उत्तरं आली नाहीत तर त्या दिवशी सही करू नका आणि नकारही देऊ नका. "उत्तरं आल्यावर ठरवू" एवढंच म्हणा, आणि तेही इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.